झिपमधली दुसरी फाईल

मीरा रोडला पूनम सागरमध्ये आमची सोसायटी आहे आणि तिथला सेक्रेटरी मी. नोकरीत असताना सरकारी दफ्तरात जुन्या फायली सांभाळायचो. निवृत्तीनंतर इंटरनेटवर बघून पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकलो. त्याचं सर्वांत जास्त कौतुक मलाच होतं.

गेटवर येणाऱ्या प्रत्येकाची नोंद वॉचमन मोबाईलच्या ॲपवर करायचा. महिना संपला की ॲपवाली कंपनी त्या नोंदी एका झिप फाईलमध्ये बांधून ठेवायची. मी वीसेक ओळींचा कोड लिहिला होता. तो कंपनीच्या सर्व्हरवरून झिप उतरवून घ्यायचा, उघडायचा आणि आतली पहिली फाईल वाचून तक्ता करायचा. पहिलीच, कारण आत एकच असायची.

त्या वर्षी गणपतीत एका मुलाची नवी सायकल गेली. कोण कोण आलं होतं ते बघायला कमिटीने तक्ता मागितला. तक्ता गणपती बसले त्या दिवशी दुपारी संपत होता. पुढे एकही नोंद नव्हती.

वॉचमन रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा. त्या वर्षी तो गावी गेला नव्हता. "सगळेच गेले तर गेटवर कोण? तुम्ही तरी थांबा," असं त्याला मीच म्हणालो होतो.

कमिटीसमोर तो म्हणाला, "साहेब, एकेक माणूस लिहिलाय मी."

"मग गेली कुठे माणसं?" चेअरमन म्हणाले. "विसर्जनाला?"

दोघेतिघे हसले. वॉचमनने माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही बघा ना परत एकदा."

चेअरमन म्हणाले, "काका कशाला बघतील? कॉम्प्युटर काय खोटं बोलतोय?"

मी बघितलं नाही. सायकल सापडली नाही. वॉचमनची नोकरी गेली.

पुढच्या गणपतीतही मुलगी आणि जावई आले. नवा वॉचमन त्यांची नोंद करत होता तेव्हा मी शेजारीच उभा होतो. महिनाअखेरीला तक्त्यात जावई नव्हते. तक्ता पुन्हा गणपती बसल्यावर कोरा.

मी झिप हाताने उघडली. आत दोन फायली. दर्शनाला येणारी माणसं इतकी, की नोंदी एका फाईलीत मावत नव्हत्या. कंपनी उरलेल्या दुसरीत टाकत होती. आदल्या वर्षीची झिप उघडली. तिथेही दोन. दुसरीत सगळी माणसं ओळीने होती, वेळेसकट.

मी आधी कोड दुरुस्त केला. आतल्या सगळ्या फायली वाच, असं त्याला सांगायला दोन ओळी पुरल्या. माणसाचं नंतर बघू म्हटलं. तेव्हा कमिटीची निवडणूक जवळ होती. मी पुन्हा निवडून आलो. या गोष्टीला दोन वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात मी सगळं लिहून नोटीस बोर्डावर लावलं.

"जुनं कशाला उकरताय काका?" चेअरमन म्हणाले. मी नोटीस काढली नाही.

मग तिची प्रत आणि सायकल गेली त्या वर्षीच्या दुसऱ्या फाईलीची छापील पानं घेऊन भाईंदरला इंद्रलोक भागात गेलो. तिथल्या एका गेटवर तो जुना वॉचमन असतो, असं कळलं होतं.

"नाव?" त्याने मोबाईलमधून डोकं वर न काढता विचारलं. मग वर बघितलं. "काका? कोणाकडे?"

"तुमच्याकडेच."

"फ्लॅट नंबर टाकल्याशिवाय हे पुढे जात नाही."

मी गेटबाहेरच उभं राहून सगळं सांगितलं. त्याने पानं घेतली आणि बोट फिरवत वाचली. एका ओळीवर थांबला. "हे तुमचे जावई. मला पेढा दिला होता त्यांनी."

"चूक माझी होती," मी म्हणालो. "तुम्ही सगळं लिहिलं होतं."

"ते मला ठाऊक होतं हो. घरी नव्हतं ठाऊक. बायको अजून म्हणते, झोपला असाल." त्याने नोटीस उलटसुलट करून बघितली. "यावर शिक्का नाही."

"सही आहे माझी."

"सही तेव्हाच्या तक्त्यावर पण होती तुमची."

मागे एका गाडीने हॉर्न दिला. "जरा बाजूला व्हा काका," म्हणत त्याने पानं परत माझ्या हातात दिली आणि गेट उघडलं.

सोसायटीचा शिक्का चेअरमनांच्या कपाटात असतो. संध्याकाळी मागायला जाणार आहे.