उजवी कळी
आमचे काका गावच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या त्या नाच-सोंगांच्या खेळात, गौळणींची मावशी व्हायचे. नाकात नथ, तोंडात पान आणि मिशी काढायला साफ नकार! ते रंगात आले की बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या. अशा या काकांना मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं, तेव्हा सोबत मी होतो. तीन रक्तवाहिन्या ठिकठिकाणी तुंबलेल्या, जुना मधुमेह आणि दोन झटक्यांनी थकलेलं हृदय.

"म्हणजे तीन पाट गाळाने भरले," काका म्हणाले. आमची सुपारीची बाग. त्यांना सगळं जग पाटाच्या पाण्यावरूनच कळायचं. "मग काढा की नवे!"

"बायपास म्हणजे तेच. पण तुमचा रहाटच खिळखिळा झालाय," डॉक्टर म्हणाले. "टेबलावरच थांबू शकतो. नाही केलं, तर घरी केव्हाही. ठरवा तुम्ही."

काकांनी ठरवलं नाही. रत्नागिरीला परतून देवाला कौल लावला. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"प्रश्न मोठ्याने सांगा," गुरव म्हणाला.

"देव बहिरा नाय," म्हणत काका मनातच पुटपुटले.

उजवी कळी पडली. काकूंनी देवळातच डोळे पुसले आणि घरी येऊन ट्रंक भरायला घेतली. काका झोपाळ्यावरून बघत होते.

"कोणाची गो ट्रंक?"

"तुमची. देवाने हो म्हटलंन ना?"

"म्हटलंन की! मी विचारलं, घरीच राहू काय?"

मी खो खो हसलो. अगदी मावशीचाच ठेका! काकू हसल्या नाहीत. हातातला सदरा तसाच धरून म्हणाल्या, "देवाला विचारलंत. मला का नाही विचारलंत?"

झोपाळा थांबला. नमनात काकांचं उत्तर कधी चुकलं नव्हतं.

"बरं, आता विचारतो," ते हळूच म्हणाले. "जाऊ?"

काकूंनी तोंड उघडलं. हो म्हणवेना, नाही म्हणवेना. सदरा मात्र चुरगळला.

"म्हणून नाही विचारलं गो," काका म्हणाले.

ती अर्धी भरलेली ट्रंक माजघरात तशीच उघडी राहिली. आंब्यांच्या दिवसांत एका सकाळी काका बागेला पाणी लावायला गेले आणि पाटाच्या कडेलाच आडवे झाले. पाणी वाहतच होतं. तेरावं झाल्यावर काकूंनी तो सदरा घडी करून ट्रंकेत ठेवला आणि झाकण लावलं.

ही हकिकत मी अजून साभिनय सांगतो. लोक हसतात. "जाऊ?"पाशी मात्र मी थांबतो.