ठमाबाईचा डोह

रेवदंड्याच्या खाडीपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आमचं गाव, आणि गावाला ओढ्यातला डोह एकच. त्यात मुरी मिळे. बोटाएवढा मासा, अंगावर पट्टे, तोंडाला मिशा. जन्मभर तळाच्या दगडाखाली दडून राहणारा. मुऱ्या हातानं धरून विकायच्या आणि दोन लेकी पोसायच्या, हे विधवा ठमाबाईचं आयुष्य. ती कुणाच्या अध्यात नव्हती की मध्यात.

दर वैशाखात गावकरी डोहात गेळाची फळं ठेचून टाकीत. मासे झिंगून तरंगत, गावजेवण होई. चार दिवसांनी पाण्याला असा वास सुटे की गुरंही तोंड लावत नसत. आमची शहाणी माणसं उन्हाला शिव्या देत.

चौतीस साली गावच्या पुढाऱ्यानं, अंबाजीनं, फळांच्या पाट्या काठावर आणल्या, तर ठमाबाई डोहात उभी.

"मुरी वर येत न्हाय, अंबाजीभाऊ. दगडाखालीच मरते नि तितंच कुजते. म्हनून पानी नासतं. मुऱ्या संपल्या तं माज्या पोरींनी काय खावं?"

"मंग गावाला जेवान तू घालशील?"

"घालीन. दुपारपरत ही टोपली भरली न्हाय, तं टाका तुमची फलं."

माणसं हसली. हसू दे.

धार जिकडे वाहे त्या अंगाला, दगडाला लागून ती टोपली धरी, दगड अलगद उचली. मुरी धारेबरोबर टोपलीत जाई. मग दगड होता तसा परत ठेवी. काठावरून ओरडा झाला, की दगड ठेवण्यात वेळ कशाला घालवतेस. तिनं कान दिला नाही.

सूर्य डोक्यावर येत चालला. दगड संपले आणि टोपली अर्धीच होती. अंबाजीनं पाटी उचलली. ठमाबाई मात्र शांतपणे पहिल्या दगडाकडे वळली. निसटलेल्या मुऱ्या आसरा शोधत तिथंच येऊन बसल्या होत्या, कारण तिनं त्यांची घरं मोडली नव्हती. सूर्य कलायच्या आत, दुसऱ्या फेरीत टोपली काठोकाठ भरली. माझा ऊर अजून भरून येतो.

त्या उन्हाळ्यात डोहाचं पाणी आम्ही ओंजळीनं प्यायलो.

पुढच्या वैशाखात फळं आलीच नाहीत. धोतर खोचून अंबाजी स्वतः पाण्यात उतरला, दगड उचलून बाजूला टाकला आणि मुरीमागे धावला.

"अंबाजीभाऊ," ठमाबाई म्हणाली, "आदी दगड जाग्यावर ठेवा."

सगळ्या गावादेखत अंबाजीनं तो ठेवला.