नवसाचा बर्फवीर, भाग पहिला

"पहिल्या भागात अर्धा सिनेमा संपेपर्यंत बर्फवीराला स्वतःला ताकद आहे हेच कळत नाही, लुंग."

"तुला तरी कुठं कळलंय अजून? म्हणून काय तुला घराबाहेर काढलं कुणी?"

"दुसऱ्या भागाला बँकॉकमध्ये चार बक्षिसं मिळालीत."

"बक्षिसं देणारे गादीच्या खुर्चीवर बसतात. आपला चाओ फो फरशीवर बसतो. त्याची आवड वेगळी."

लुंग सवेंग, म्हणजे सगळ्या गावाचा सवेंगकाका, पडद्यासाठी बांबू रोवता रोवता भांडत होता. फूम भांडता भांडता बांबू धरत होता. दुपारचे तीन वाजले होते, ऊन तापलं होतं, आणि चिंचेखालच्या ठेंगण्या लाल देवळात गावदेव चाओ फो आपल्यापुढं आज काय वाढून ठेवलंय याची वाट बघत बसला होता. वाढलेलं खरंही होतं: फूमची आई, साइबुआ, त्याच्यापुढं शंभर उकडलेली अंडी रचत होती आणि लाल सरबताच्या बाटलीत नळी खोचत होती. चाओ फो बाटलीला तोंड लावत नाही, नळीनंच पितो. ही आमच्या गावातली सर्वांत निर्विवाद गोष्ट.

नवस होता साइबुआचा. एप्रिलात सैन्यभरतीची सोडत निघाली. शाळेच्या पटांगणावर पोरं उघड्या अंगानं रांगेत उभी, मडक्यात हात घालायचा, लाल चिठ्ठी आली की दोन वर्षं पलटण, काळी आली की घर. फूमच्या आधी सलग पाच लाल निघाल्या. कुंपणाबाहेर उभ्या साइबुआनं चाओ फोला हात जोडून सांगितलं, काळी दे, तुला शंभर अंडी वाहते आणि बर्फवीर सिनेमा दाखवते. फूमला काळी आली.

चूक इथंच झाली. आमच्याकडं नवस बोलायचा म्हणजे शिंप्याला माप दिल्यासारखा बोलतात. अंडी किती, हार किती, नाच असेल तर नाचणाऱ्या किती. देव बिचारा अंदाजानं कामं करत नाही. अंड्यांचा आकडा साइबुआनं बरोबर सांगितला होता, पण बर्फवीर कुठल्या भागाचा हे सांगायचं राहून गेलं.

आता बर्फवीर दाखवायचा म्हणजे पडदा आणि यंत्र लुंग सवेंगचं. आणि लुंगला विचारलं तर जगात बर्फवीराचा एकच भाग आहे.

लुंग मूळचा औषधाच्या गाडीवरचा. जंतांचं औषध विकणारी एक कंपनी गावोगाव फुकट सिनेमे दाखवायची आणि ऐन मोक्याला यंत्र थांबवून बाटल्या विकायची. तेव्हाच्या रिळांना आवाज नसायचा. एक माणूस पडद्याशेजारी माईक धरून बसायचा आणि नायक, नायिका, खलनायक, म्हैस, सगळ्यांचं तोच बोलायचा. एका गावात तो माणूस तांदळाची दारू पिऊन पहिल्याच रिळात आडवा झाला. गाडीवर पेट्या उचलणाऱ्या एकोणीस वर्षांच्या सवेंगनं माईक उचलला, आणि त्याच्या तोंडून नायिका अशी काही बोलली की पुढच्या रांगेतल्या एका विधुरानं सिनेमा संपल्यावर ती कुठं राहते म्हणून चौकशी केली. तिथून पुढं तीस वर्षं लुंग बायकांसारखा रडला, गुंडांसारखा हसला आणि म्हशीसारखा हंबरला. लग्न केलं नाही. घरात आधीच फार माणसं आहेत, म्हणायचा.

'बर्फवीर' आला तो त्याच्या भर उमेदीत. बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढणारा एक हमाल टाकीत पडतो. दुसऱ्या दिवशी मावशीच्या रश्श्याला बोट लावतो आणि रस्सा गोठतो. मग संडासातलं पाणी गोठतं, मालकाची मिशी गोठते, आणि शेवटी कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडतो. हमाल टाकीत पडला रे पडला की लुंग यंत्र थांबवायचा आणि जाहीर करायचा की चाळीस बाटल्या खपल्याशिवाय तो वर येणार नाही. त्याला बुडू देणारं गाव लुंगला कधी भेटलं नाही. आमच्या जिल्ह्यात एका पिढीच्या पोटात जंत नाहीत ते बर्फवीरामुळं.

दुसरा भाग बऱ्याच वर्षांनी आला. त्यात आवाज रिळातच होता. बर्फवीर एका उंच इमारतीच्या गच्चीवर उभा राहतो आणि आपण लोकांना गोठवावं की नाही याचा विचार करतो. पाऊण तास करतो. लुंगचं मत असं की तेवढ्यात आमच्याकडं म्हैस विते. पण शहाण्या लोकांनी त्याच्यावर पानंच्या पानं लिहिली, मास्तरांनी मुलांना तो बघायला तालुक्याला नेलं, आणि तालुक्यात कॅसेटच्या दुकानात काम करणाऱ्या फूमनं तो सहा वेळा बघून सहाही वेळा डोळे पुसले.

"देवाला चांगलं ते द्यावं की नाही?" फूम म्हणाला. "अंडी नासकी देशील का, आई? मग सिनेमा का?"

पहिला भाग या देवळापुढं आजवर अकरा वेळा झाला आणि चाओ फोनं एकदाही तक्रार केली नाही, असं लुंगनं ऐकवलं. तक्रार करायला माईक तुम्ही सोडता कुठं, असं फूमनं ऐकवलं. शिवाय तुमचे चार दात गेलेत, तुमची नायिका हल्ली शीळ घालते. लुंग म्हणाला, प्रेमात पडलेली बाई शीळ घालणारच. इथवर सगळं खेळीमेळीत चाललं होतं. मग फूम बोलून गेला.

"खरं सांगा ना, लुंग. दुसऱ्यात तुम्हाला काही काम नाही. नुसतं यंत्र लावायचं आणि शेंगदाणे खात बसायचं. पहिला तेवढा एकच उरलाय ज्याला तुमचं तोंड लागतं."

लुंगच्या हातातली मोगरी थांबली. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आता सगळ्या रिळांना आवाज होता. माईक वर्षभर पेटीत असायचा, आणि बर्फवीराचा पहिला भाग कुणी मागितला तरच बाहेर यायचा. आज देवानं दुसरा घेतला असता तर उद्यापासून नवस करणाऱ्यांनीही दुसराच मागितला असता. गावात देवाच्या पुढं कोण जातं?

"हो," लुंग म्हणाला. "मग?"

 फूम बांबूची साल सोलत उभा राहिला.

साइबुआ हात पुसत म्हणाली, त्यालाच विचारू. देवळाच्या भिंतीला बांबूची वावकाठी टेकवलेली असते. दोन्ही हात पसरून काठीवर बोटाचं टोक येईल तिथं खूण करायची, देवाला प्रश्न घालायचा, पुन्हा हात पसरायचे. बोट खुणेपुढं गेलं तर हो, मागं राहिलं तर नाही. लुंग म्हणाला मी मोजतो. फूम म्हणाला तुम्ही खांद्यातून हात उपटून द्याल. नवस साइबुआचा, म्हणून तीच मांडी घालून बसली. पहिला भाग दाखवू का? बोट बरोबर खुणेवर. दुसरा दाखवू का? बोट बरोबर खुणेवर.

"दोन्ही चालतील म्हणतोय," लुंग म्हणाला.

"त्याला काही पडलेलं नाही म्हणतोय," फूम म्हणाला, आणि आईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं लगेच देवाला हात जोडले.

साइबुआनं काठी मांडीवर घेतली. मग सांगायला लागली. सोडतीच्या सकाळी कुंपणाशी तिला प्रार्थनेतला एकही शब्द आठवत नव्हता. डोक्यात नुसती ती मावशी होती. बर्फवीर पहिल्यांदा लढायला निघतो, मावशीला काही ठाऊक नसतं, आणि ती चुलीपासून हाक मारते, जेवून जा रे. तेवढं ऐकू येत होतं. ते ऐकत ऐकतच ती नवस बोलली.

"फूम, दुसऱ्या भागात मावशी आहे का रे?"

फूम पडद्याची दोरी आवळायला लागला.

"विचारतेय मी."

"आहे. पहिल्या दहा मिनिटांत मरते." त्यानं गाठ मारली. "म्हणून तर तो पुढं विचार करतो."

"म्हणजे माझं पोरगं घरी ठेवल्याबद्दल मी देवाला मेलेली मावशी दाखवू?"

"आई, त्याच प्रसंगाला बक्षीस मिळालंय."

"मिळू दे की. देणाऱ्यांची पोरं काय मडक्यात हात घालायला जाणार होती?" ती उठली आणि काठी भिंतीला लावून आली. "लुंग, माईक पुसून घ्या."

दिवस मावळताच यंत्र सुरू झालं. पुढची चटई चाओ फोसाठी मोकळी ठेवली होती, तिच्यामागं आम्ही वीस-पंचवीसजण, आणि सर्वांत मागं मोटारसायकलवर हाताची घडी घालून फूम. हमाल टाकीत पडला तेव्हा लुंगनं सवयीनं यंत्र थांबवलं, मग विकायला काही नाही हे आठवून परत सुरू केलं. नायिका आली, तिनं शीळ घातली, लोक हसले, आणि लुंगनं दर वाक्याला ती मुद्दाम वाढवत नेली. मिशी गोठली तेव्हा मागून एक खोकल्यासारखा आवाज आला. फूम हसला नाही असं फूमचं म्हणणं आहे.

मग चूल आली, मावशी आली, आणि मावशी म्हणाली, "जेवून जा रे."

पडद्यावर मावशीचं तोंड मिटलं. आवाज चालूच राहिला.

"फूम, तू पण. दुपारपासून बांबू धरून उभा आहेस. आणि एवढं सांग बाळा, त्या चार बक्षिसवाल्या भागात तुला कुणी जेवलास का म्हणून विचारतं का?"

सगळ्यांनी वळून बघितलं. फूम मोटारसायकलवरून उतरला. पडद्यापुढून सरळ चालत देवळाकडं गेला तेव्हा त्याची सावली मावशीच्या अंगावरून सरकत गेली. उदबत्त्या विझल्या होत्या, म्हणजे चाओ फोचं खाऊन झालं होतं आणि अंडी आता माणसांची झाली होती. त्यानं त्यातलं एक उचललं, कपाळावर फोडलं, आणि सोलून खात खात, मागं न बघता, घराच्या रस्त्याला लागला.