भेगेत शिरलेलं पाणी

शिर्केबाई कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी वर बघत. पत्रे, माळ्यावरची ट्रंक, भिंतीला टेकवलेलं कपाट, सगळं न्याहाळून मगच बसत. शाळेतल्या माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझी खुर्ची कपाटाजवळून लांब ओढली आणि म्हणाल्या, "मराठीचे ना तुम्ही? मग कपाटाखाली सापडू नका. इथं शोकसभेत धड बोलणारं दुसरं कोणी नाही."

खालापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवत. मूळच्या कोयनेच्या खोऱ्यातल्या. त्यांच्या आईचं घर भूकंपात पडलेलं आणि बाईंचं बालपण तिथल्या लहानमोठ्या धक्क्यांत गेलेलं. "अंदाज फुकट मिळतो, म्हणून सगळ्यांकडे असतो," असं त्या मुख्याध्यापकांच्या तोंडावर म्हणत.

गावाच्या वरच्या अंगाला धरण झालं आणि त्या पावसाळ्यात पहिल्यांदा भरलं. भात कापून झालं तशी जमीन गुरगुरायला लागली. मांडणीवरची भांडी वाजायची. कोणी म्हणे देवी कोपली, कोणी म्हणे खाणीतले सुरुंग. ग्रामसभेला धरणाचे एक साहेब आले. त्यांनीही सुरुंगच सांगितले. बाईंनी विचारलं, खाण आठवडाभर बंद आहे, मग सुरुंग कोण लावतंय? साहेब म्हणाले, धरण लहान आहे, त्यानं जमीन हलत नाही. "धरण लहान आहे हे तुम्हाला ठाऊक," बाई म्हणाल्या, "खालची भेग केवढी, ते कोणी पाहिलंय?"

मग त्यांनी सगळ्यांना मुलांना सांगावं तसं सांगितलं. साठलेल्या पाण्याचं वजन खडकावर येतं, पण तेवढंच नाही. पाणी भेगांतून खोल झिरपतं. आधीच ताणलेले खडक एकमेकांना धरून असतात. पाणी आतून दाब देऊन ती पकड सैल करतं. कधी लगेच, कधी वर्षांनी. धरण भरण्याआधी धक्के नोंदवणारं यंत्र बसवलं असतं, तर आधी किती होते आणि आता किती, हे कळलं असतं.

लोकांना हवं ते हाती लागल्यासारखं वाटलं. पुढे बसलेले गणपततात्या उठले. "मंग बाई, धरणामुळंच हालतंय, असं लिवून द्या. आमी मोर्चा काढतो."

"नाही देणार," बाई म्हणाल्या. "मला माहीत नाही. या साहेबांनाही माहीत नाही. मी ते कबूल करते, एवढाच फरक."

त्या दिवसापासून बाई कोणाच्याच राहिल्या नाहीत. साहेबांनी वर तक्रार केली. गावात बोललं गेलं, "बाई फितली हाय." बाईंनी दोघांनाही मोजलं नाही. शाळेची जुनी खोली दगड-मातीची होती, तिच्या भिंतीला पोट आलं होतं. ती रिकामी करा, असा अर्ज त्यांनी लिहिला आणि सहीसाठी माझ्यासमोर धरला. मी म्हणालो, विचार करून सांगतो. "करा," त्या म्हणाल्या. "भिंत थांबेल तुमच्यासाठी." मी सही केली नाही. बाईंनी आपला वर्ग उचलून देवळाच्या सभामंडपात नेला आणि नोटीस आली तरी परत आणला नाही.

भिंत पडली नाही. उन्हाळ्यापर्यंत धक्केही थांबले. मुख्याध्यापक शिक्षकखोलीत हसून म्हणाले, बघा, उगाच तमाशा केला. मीही हसलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "पडली नाही म्हणजे मजबूत होती, हे गणित तुम्हाला कोणी शिकवलं?"

मे महिन्यात त्या माहेरी गेल्या आणि तिथंच हृदयविकारानं गेल्या. शोकसभेत मी बोललो. धड बोललो नाही.

जूनमध्ये त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. वर्ग पुन्हा जुन्याच खोलीत भरवला होता, भिंत तशीच. हजेरी घेताना माझं लक्ष सारखं त्या पोटाकडे जात होतं. निम्मी नावं झाल्यावर मी हजेरीपत्रक मिटलं आणि मुलांना दप्तरं उचलायला सांगितली.

चौथ्या दिवशी शिपाई भिजत सभामंडपात आला आणि माझ्या नावाची नोटीस ठेवून गेला. मुलं कविता म्हणत होती. ती संपेपर्यंत मी पाकीट उघडलं नाही.