हात वर की चिठ्ठी

नांदेडला आमच्या गल्लीत एकोणीस बायकांचं मंडळ आहे. जिल्हा परिषदेची निवडणूक आली, त्याच सुमारास आमच्याही अध्यक्षीणबाईंची मुदत संपली. मला व्हायचं होतं अध्यक्ष. खोटं कशाला बोलू, लई दिवसांपासून मनात होतं.

उभ्या राहिलो तिघी. मी, कोपऱ्यावरची मास्तरीण आणि देगलूरहून आलेली, निम्मं तेलुगू बोलणारी एक बाई. माझ्या जावा, सुना, पुतण्या धरून आम्ही आठजणी. मास्तरणीचाही गोतावळा मोठा. देगलूरच्या बाईला इथं ना सासर ना माहेर. पण नळाला पाणी आलं नाही की टँकरसाठी महापालिकेत जाऊन बसते ती हीच.

आजवर आम्ही हात वर करून निवडत आलो. माझी सून कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "आई, गेल्या वेळी अकराजणींना नको असलेली बाई निवडून आली. जिल्हा परिषदेतही असंच होतं, मतं फुटतात अन् थोडक्या मतांवर एखादा निवडून येतो." तिचा उपाय असा, की चिठ्ठीवर तिघींना पहिला, दुसरा, तिसरा नंबर द्यायचा. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक.

जाऊ कानाशी लागली, "अक्का, हातच वर करू द्या. आपली माणसं जास्त हायेत."

ते मलाही कळत होतं. मी वयानं थोर, सगळ्या माझ्याकडं बघून राहिल्या. सून तेवढी खाली बघत होती. तेच लागलं मला. म्हटलं, "चिठ्ठ्या आणा."

पहिल्या फेरीचा पार इस्कोट. बहुतेकींनी तिघींनाही पहिलाच नंबर दिलेला! सुनेनं कपाळाला हात लावला.

"रोज तोंड बघायचंय बाई," मास्तरणीची नणंद म्हणाली, "दुसरी कुणाला म्हणावं?"

हसून हसून पुरेवाट झाली. मग सुनेनं समजावलं, चिठ्ठीवर आपलं नाव नसतं, कुणाला काही कळत नाही. पुन्हा चिठ्ठ्या.

पहिला नंबर जवळपास जिनं तिनं नात्याला दिला, नातं नसलेल्या तीन-चारजणींनी देगलूरच्या बाईला. मला आठ, सगळ्यांत जास्त. दुसरा मात्र बहुतेकींनी मनातल्या बाईला दिलेला. बेरीज झाली अन् देगलूरची बाई पाच गुणांनी माझ्या पुढं! "वद्दु, वद्दु, नको मला, अक्काच बऱ्या," म्हणत ती तोंडाला पदर लावून बसली. जाऊ माझ्यावर फुगली ती फुगलीच.

वाईट वाटलं हो. पण तक्रार कुणाकडं करू? मीसुद्धा दुसरा नंबर तिलाच दिला होता.

घरी येताना सुनेला विचारलं, "मला पहिला दिलास ना गं?"

"आई, मतदान गुप्त असतं."

"अन् रोज भाकरी कुणाच्या हातची खातीस?"

"त्याला वेगळी निवडणूक घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच नवी अध्यक्षीण दारात. "अक्का, महापालिकेत चला. तुमचा आवाज मोठा हाय."

गेले. मीच बोलले सगळं. साहेबांनी टँकर कबूल केला, चहा मागवला, मला अध्यक्षबाई म्हणाले. ते चुकलंय हे सांगायचं चहा संपेपर्यंत काही मला सुचलं नाही.