निळ्या प्रिंटमधली बाळी

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जायचो. अजूनही माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही... पण हे घडलं भर दुपारी, माझ्याच गॅलरीत.

नव्वदीची शेवटची वर्षं. आम्ही कोपरीत राहायचो. मला उन्हात निळे फोटो छापायचा नाद लागलेला. त्याला फोटोएवढीच मोठी निगेटिव्ह लागते, ती मी कागदाची करायचो. डोंबिवलीच्या सुधीरकडे – माझा मित्र – स्कॅनर आणि इंकजेट प्रिंटर होता. तिथे काळ्याचं पांढरं करून फोटो छापायचा, घरी आणून कागदावर मेण घालून इस्त्री फिरवायची. मेण मुरलं की कागदातून उजेड आरपार जातो.

सगळा खेळ कागदाचा. चकचकीत फोटो पेपरात मेण मुरतच नाही. झेरॉक्सच्या कागदावर ढगाळ डाग पडतात. बाँड पेपर झकास वाटला, तर उजेडात धरल्यावर मधोमध वॉटरमार्क! शेवटी नौपाड्यातल्या एका दुकानात पातळ, गुळगुळीत, बिननावाचा कागद मिळाला.

त्यावर पहिला फोटो केला तो काशीमावशींच्या नवऱ्याचा. मावशी कोळीवाड्यातून आमच्याकडे मासळी घेऊन यायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एवढासा एकच फोटो उरलेला.

"मोठा करून दे रं मास्तर," त्या म्हणालेल्या. "पोरी इसरत चालल्यान त्याला."

निगेटिव्ह सुरेख झाली. रसायन फासलेल्या कागदावर ती पसरून, वर काच दाबून उन्हात ठेवली, मग प्रिंट पाण्यात धुतली. चेहरा हळूहळू निळा उमटला... आणि डाव्या कानात वर एक बाळी दिसली. तीन मणी, मधला अर्धाच.

मूळ फोटो भिंगाखाली धरला. कान मोकळा. निगेटिव्ह खिडकीशी धरली – तिथेही काही नाही. काचेवर केस, धूळ, मेणाचा थेंब, सगळं तपासलं. त्याच निगेटिव्हवरून लगेच दुसरी प्रिंट काढली, तर ती स्वच्छ. बाळी नाही.

मावशी आल्या तेव्हा मी आधी प्रिंट दाखवलीच नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका कानात काही घालायचे का हो?"

"बाळी व्हती की. तीन मन्यांची," त्या टोपली खाली ठेवत म्हणाल्या. "मधला मणी फुटलेला. लगनाच्या आदी खाडीन पडली, मंग त्यानं दुसरी घातलीच नाय. तुला कोनी सांगितला?"

मी दोन्ही प्रिंट त्यांच्यापुढे ठेवल्या. बाळीवालीवर त्या बराच वेळ बोट ठेवून बसल्या. रडल्या नाहीत. घाबरल्याही नाहीत. मीच उगाच म्हणालो, "मावशी, दुसरी न्या. ती फोटोसारखी हुबेहूब आलीये."

त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

"ती फोटोवानी हाय," म्हणाल्या. "ही त्याच्यावानी."

आणि बाळीवाली पदराखाली धरून गेल्या.

त्याच गठ्ठ्यातल्या कागदांवर मी पुढे कितीतरी फोटो केले. मेण बदललं, ऊन कमी-जास्त केलं, काचही बदलली; फोटोत नसलेलं काही पुन्हा कधी उमटलं नाही. सुधीर म्हणतो, काचेखाली केस अडकला असेल. असेलही... पण केसाला तीन मणी, आणि त्यातला मधलाच फुटका? कुणाकडे याचं उत्तर असेल तर मला खरंच ऐकायचंय. माझ्याकडे नाही.