चुंबकाने ओढून आणलेली ओळ

त्या दिवशी संध्याकाळी कळंबोलीच्या आमच्या घरात लोहचुंबक आलं... नव्वदचं दशक सरत आलं होतं. बाहेर लोखंड बाजारातल्या ट्रकांचे हॉर्न, हवेत गंजाचा वास. आणि दारात माझा मुलगा दिलीप, फुटक्या स्पीकरमधून काढलेलं काळं, जड कडं हातात घेऊन उभा.

ते कशासाठी, ते आधी सांगतो.

माझी नात सोनू तेव्हा दुसरीत होती. तिला फिट यायची. गोळ्या बदलल्या, वाढवल्या, एकीच्या जोडीला दुसरी दिली... फिट यायचीच. शेवटी शाळेतल्या बाईंनी हात जोडले, म्हणाल्या, घरीच ठेवा हो, आम्हाला भीती वाटते.

मग मीच तिचा मास्तर झालो. गणितात माझा आनंदच होता, पण शाळेतल्या कविता मात्र पक्क्या. वजनकाट्यावर नोकरी केली तीसुद्धा कविता गुणगुणत... साताऱ्याकडच्या आमच्या शाळेत गुरुजींनी तालावर म्हणून घेतलेली नदीची एक कविता मी सोनूला शिकवली. दोन्ही हात पसरून म्हणायची. शेवटी नदी समुद्राला मिळाली की ते हात माझ्या गळ्यात.

पण मोठी फिट येऊन गेली की त्या कवितेतली एखादी ओळ जायची. कालपर्यंत तोंडपाठ असलेली... आज तिथे नुसता खड्डा.

त्याच सकाळी आम्ही मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आलो होतो. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या मानेवर बोट ठेवून समजावलं. इथून एक नस मेंदूकडे जाते. परदेशात छातीत, कातडीखाली एक छोटं मशीन बसवतात. त्याची वायर त्या नसेला. मशीन थोड्या थोड्या वेळाने हलका करंट देत राहतं. फिट येतेय असं वाटलं तर वरून चुंबक फिरवायचं, की जादा करंट जातो. फिट बंदच होईल असं नाही, पण काही मुलांची कमी होते. आवाज मात्र मधूनमधून घोगरा होतो.

घोगरा तर घोगरा... मी मनात म्हटलं. नदीची कविता मी घोगऱ्या आवाजातही ऐकली असती.

"आपल्याकडे कधी येईल?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "माहीत नाही, काका. आणि आलं तरी तुम्हाला परवडेल असं वाटत नाही. खोटी आशा नाही लावणार मी."

आम्ही परत निघालो. मशीन, नस, वायर सगळं वाटेतच कुठेतरी सांडलं... घरी पोचलं ते फक्त चुंबक.

"अवो, लोखंडाच्या बाजारात ऱ्हातो आपण," आमची मंडळी म्हणाली. "चुंबकाला फारिनला कशाला जायाचं?" आणि दिलीप तसाच उठून बाजारात गेला.

"अगं, ते नुसतं बटण आहे," मी म्हटलं. "दिवाच नाही घरात, बटण दाबून काय होणार?" ऐकतं कोण! चुंबक धुतलं गेलं, त्याला हळदकुंकू लागलं, लाल कापडात शिवून ते देवापुढे बसलं.

पुढची फिट आली तेव्हा घरमालकीणबाई नेहमीसारख्या धावत आल्या. "अगो, चप्पल धर नाकाला!" पण आमच्या सूनबाईने चुंबक घेतलं आणि सोनूच्या छातीवरून फिरवलं, दृष्ट काढतात तसं. फिट तशीही ओसरत आली होती, ती थांबली. घरात साखर वाटली गेली. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई हळूच दारात. "माझे गुडघ्याला लावाला दे ना गो जरा."

कित्येक दिवसांनी हसलो आम्ही सगळे. शेवटचंच म्हणायचं ते...

त्यानंतरची फिट थांबली नाही. त्यानंतरचीही. सूनबाई जोरजोरात चुंबक फिरवायची, पोरीच्या छातीवर लाल वळ उठायचे. "मामा, माझंच काही चुकतंय का हो फिरवताना?" असं विचारायची मला. दिलीप तर घरात थांबायचाच नाही, ट्रकवर निघून जायचा.

एका दुपारी सोनू कविता म्हणत होती. समुद्राच्या अलीकडची ओळ अडली. ती उठली, देवापुढचं चुंबक घेऊन आली आणि कपाळावर धरून बसली.

"काय करतेस गं?"

"आबा, टाचणी येते ना याला चिकटून? तशी ओळ येईल. थांब."

थांबलो. ती डोळे घट्ट मिटून बसली होती, कपाळावर ते जड कडं... मी तिच्या मागे गेलो आणि अगदी हळू, श्वासासारखी ती ओळ म्हटली.

"आली!" सोनू ओरडली. "आबा, आली!" आणि हात गळ्यात.

मशीन आमच्यापर्यंत कधीच आलं नाही. सोनू फार वर्षं राहिली नाही. शेवटी शेवटी तर कवितेत नदीच उरली नव्हती... तरी हात पसरायची.

चुंबक अजून लोखंडी कपाटाला चिकटलेलं आहे. काढून टाकवत नाही. ज्यांच्या लेकरांना ते मशीन मिळालं, त्यांनी तो घोगरा आवाज कान भरून ऐकावा, एवढंच सांगावंसं वाटतं.

काल दुपारी मीच कविता म्हणत बसलो होतो आणि समुद्राच्या अलीकडे अडलो. तीच ओळ. खूप आठवून पाहिलं... मग उठलो, कपाटावरचं चुंबक काढलं आणि कपाळावर धरलं.

बराच वेळ बसलो. मागून हळूच सांगायला कुणी नव्हतं.